थिएटरात लागला होता तोच पिक्चर हवाय? मग डिस्क घ्यायच्या आधी हे वाचा

परवा एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला. नवीकोरी फोर के डिस्क, कव्हरवर सोनेरी अक्षरात 'रिस्टोअर्ड', आणि खाली त्याचा प्रश्न, अरे हा तोच आहे ना रे, लहानपणी कॅसेटवर बघायचो तो? मी म्हटलं मागच्या बाजूचा फोटो पाठव. मागे बारीक अक्षरात रनिंग टाइम होता, त्याच्या जुन्या कॅसेटपेक्षा चक्क अकरा मिनिटं जास्त. म्हणजे तो नव्हे. सील फोडलं होतं, परत पण देता येईना.

मी हसायचं काही कारण नाही, कारण पंधराएक वर्षांपूर्वी मी पण असाच फसलोय. एका जुन्या हिंदी पिक्चरची 'कलेक्टर्स एडिशन' डीव्हीडी, खोका एकदम भारी, घरी आणून लावली तर दोन्ही बाजूंनी चित्र कापलेलं, हिरो-हिरॉइन समोरासमोर बसून बोलतायत आणि पडद्यावर डावीकडे एक नाक, उजवीकडे एक नाक आणि मध्ये फुलदाणी. वर कोपऱ्यात कंपनीचा लोगो तीन तास हलत नाही. एक गाणं गायब. बायको म्हणाली फुलदाणीचं काम चांगलंय. तेव्हापासून डिस्क घ्यायच्या आधी मी अर्धा तास चौकशी करतो, ती कशी करायची आणि आपल्याला हवी ती आवृत्ती बाजारात नसेलच तर ती मागायची कशी, हे इथे लिहून ठेवतोय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. रिस्टोअर करणं म्हणजे फिल्मची दुरुस्ती, म्हणजे ओरखडे, धूळ, फाटलेली जागा, उडालेला रंग, खरखरणारा आवाज हे सगळं निस्तरणं. रिमास्टर म्हणजे नवीन व्हिडिओ मास्टर, म्हणजे ज्यावरून डिस्क काढतात ती प्रत, बनवणं, यात मूळ फिल्म कपाटातून बाहेर काढलीच असेल असं काही नाही. आणि ओरिजिनल, म्हणजे आपण ज्याच्यासाठी रडतोय ते, हा प्रश्नच वेगळा आहे, तो आहे 'कुठली आवृत्ती' हा. पिक्चर अप्रतिम रिस्टोअर केलेला असू शकतो आणि तरी तो तुम्ही बघितलेला पिक्चर नसू शकतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे स्टार वॉर्स. २५ मे १९७७ ला अमेरिकेत लागला तेव्हा सुरुवातीला वर सरकत जाणाऱ्या मजकुरात 'एपिसोड फोर' वगैरे काही नव्हतंच, ते १९८१ च्या री-रिलीजला घातलं. मग १९९७ ला स्पेशल एडिशन आली, कॉम्प्युटरचे प्राणी घातले, जबा नावाच्या खलनायकाचा नवा सीन घातला आणि हान सोलो हा हिरो आधी गोळी झाडायचा तिथे त्याला पकडायला आलेला ग्रीडो आधी झाडतो असं केलं. २००४ च्या डीव्हीडीत अजून बदल, तिसऱ्या पिक्चरच्या शेवटी दिसणाऱ्या भुताच्या भूमिकेत जुन्या नटाच्या जागी नवीन नट आणून उभा केला. २०११ च्या ब्लू-रेत मुख्य खलनायक डार्थ व्हेडर 'नो' म्हणून ओरडायला लागला. २०१९ ला स्ट्रीमिंगवर फोर के मध्ये आला तेव्हा ग्रीडोच्या तोंडी 'मॅकलंकी' असा एक शब्द घातला, ज्याचा अर्थ लोक अजून शोधतायत. दर वेळी चित्र आधीपेक्षा स्वच्छ, आणि दर वेळी पिक्चर १९७७ पासून अजून लांब.

मधे २००६ ला मूळ आवृत्ती डीव्हीडीवर दिली खरी, पण बोनस डिस्क म्हणून, आणि ती पण १९९३ च्या लेझरडिस्कचं मास्टर उचलून, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर चारी बाजूंनी काळी पट्टी आणि मध्ये पोस्टकार्डाएवढा पिक्चर. फॅन लोक भडकले. कंपनीचं म्हणणं असं की स्पेशल एडिशन करताना मूळ निगेटिव्हमध्येच कायमचे बदल झालेत. गंमत बघा, स्टार वॉर्स बनवणाऱ्या याच जॉर्ज लुकासने १९८८ ला अमेरिकन संसदेपुढे जाऊन जुन्या पिक्चरमध्ये फेरफार करणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली होती, ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर रंगीत करायचं फॅड तेव्हा जोरात होतं. आणि १९८९ ला अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत पहिल्याच वर्षी जे पिक्चर घेतले त्यात स्टार वॉर्स होता.

हे एवढं पाल्हाळ लावलं कारण यातनं कामाच्या दोन गोष्टी कळतात. एक, हक्क ज्याच्याकडे तो म्हणेल ती आवृत्ती बाजारात येते, चित्र किती स्वच्छ आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन, 'मूळ काही उरलंच नाही' असं कोणी म्हटलं की लगेच मान डोलवायची नाही. या केसमध्ये फॅन लोकांनी थिएटरच्या जुन्या ३५ एमएम प्रिंट गोळा करून स्वतः फोर के मध्ये स्कॅन केल्या. त्याला मालकाची परवानगी नाही, त्यामुळे कुठे मिळतं वगैरे मला विचारू नका, पण त्यातनं एवढं सिद्ध झालं की माल आहे. आणि जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ चीच एक टेक्निकलर प्रिंट काढून चालवली. टेक्निकलरच्या डाय ट्रान्सफर पद्धतीत रंग टिकतो, त्या काळच्या साध्या ईस्टमनकलर प्रिंट मात्र एव्हाना सगळ्या गुलाबी पडलेल्या असतात. आता २०२७ ला ५० वर्षं होतायत तर मूळ आवृत्ती थिएटरात परत लावणार असं त्याने काढलेल्या लुकासफिल्म कंपनीनेच जाहीर केलंय. म्हणजे मागत राहिलं की होतं, फक्त तीस वर्षं लागली.

पहिली पायरी: नेमकं काय हवंय ते ठरवा

'मला ओरिजिनल पाहिजे' हे वाक्य कुठल्याही कंपनीला पाठवून उपयोग नाही. ओरिजिनल म्हणजे कुठलं? ब्लेड रनर घ्या. १९८२ ला अमेरिकेत लागलेला, हॅरिसन फोर्डचा कंटाळलेला आवाज मागून गोष्ट सांगतोय आणि शेवटी सगळं गोड, तो एक. बाहेरच्या देशांत थोडी जास्त मारामारी असलेला, तो दुसरा. ट्रायलला दाखवलेला वर्कप्रिंट तिसरा, १९९२ चा डिरेक्टर्स कट चौथा आणि २००७ चा फायनल कट पाचवा. आणि २००७ च्या मोठ्या सेटमध्ये हे पाचही एकाच खोक्यात दिले! मला विचाराल तर हाच आदर्श. दिग्दर्शकाला जे बदल करायचेत ते खुशाल कर बाबा, पण जुनं पण शेजारी ठेव. स्पीलबर्गच्या ई.टी.चंच बघा, २००२ ला पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिले, पुढे त्यालाच ते खटकलं आणि २०१२ च्या ब्लू-रेवर १९८२ चाच पिक्चर दिला, बंदुकांसकट.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून अवघड आहे. शोले. १५ ऑगस्ट १९७५ ला लोकांनी थिएटरात जो बघितला त्यात शेवटी पोलीस येतात आणि ठाकूर गब्बरला त्यांच्या ताब्यात देतो. पण शूट केलेला शेवट असा होता की ठाकूर खिळेवाल्या बुटांनी गब्बरला मारूनच टाकतो. आणीबाणीचे दिवस, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही, शेवट पुन्हा शूट करावा लागला. आता सांगा ओरिजिनल कुठला? मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला तो, की दिग्दर्शक रमेश सिप्पींनी आधी बनवला तो? ज्यांनी पहिल्या आठवड्यात तिकीट काढलं होतं त्यांच्यासाठी ओरिजिनल म्हणजे पोलीसवाला. म्हणून मागताना 'ओरिजिनल' हा शब्द टाळाच, 'ऑगस्ट १९७५ ची थिएटरची आवृत्ती' किंवा 'सेन्सॉरच्या आधीचा शेवट' असं लिहा.

फिल्म हेरिटेज फाउंडेशनने, म्हणजे आपल्या मुंबईचीच संस्था, सिप्पी फिल्म्सबरोबर शोले फोर के मध्ये रिस्टोअर केला, तो जून २०२५ ला इटलीत बोलोन्याच्या चौकात उघड्यावर दाखवला आणि डिसेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला, सेन्सॉरच्या आधीच्या शेवटासकट. मूळ कॅमेरा निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने, म्हणजे फिल्म सडायच्या रोगाने, पार वाया गेलं होतं, ७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नव्हती, मग ब्रिटनमध्ये गोदामात ठेवलेल्या जुन्या रिळांवरून काम केलं. मला अर्थातच दोन्ही शेवट एकाच डिस्कवर पाहिजेत. पाठवलंय पत्र, बघू.

आणि काही गोष्टी मागूनही मिळणार नाहीत हे पण ठरवतानाच मान्य करून टाका. ऑर्सन वेल्सचा द मॅग्निफिसंट अ‍ॅम्बरसन्स १९४२ ला स्टुडिओने कापला आणि कापलेले तुकडे नष्ट केले, संपला विषय. आपल्याकडे २००३ ला पुण्यात एफटीआयआयच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि प्रभातच्या नायट्रेट फिल्म, म्हणजे जुन्या काळच्या चटकन पेट घेणाऱ्या, जळाल्या, त्यामुळे प्रभातच्या पिक्चरचं जे काही आज दिसतं ते नंतरच्या कॉपीवरून. त्यात चित्र मऊ दिसलं तर डिस्क काढणाऱ्याला लगेच शिव्या घालू नका.

दुसरी पायरी: डिस्क तपासायची कशी

पहिलं म्हणजे रनिंग टाइम, पण यात एक खोच आहे. ब्रिटन-युरोपातल्या जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, त्यात सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर २५ ने पळवतात. त्यामुळे २०४ मिनिटांचा पिक्चर १९६ मिनिटांत संपतो आणि एक फ्रेमही कापलेली नसते, फक्त आवाज किंचित बारीक होतो. म्हणजे पाल डीव्हीडी असेल तर खोक्यावरच्या मिनिटांना २५ ने गुणा, २४ ने भागा आणि मग तुलना करा. मी एकदा हे न करता एका दुकानदाराशी दहा मिनिटं भांडलोय, नंतर त्याच्या दुकानासमोरून जाताना फूटपाथ बदलायचो. ब्लू-रेला सहसा ही भानगड नसते.

दुसरं चौकट, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, म्हणजेच अ‍ॅस्पेक्ट रेशो. यावर जरा वेळ घालवा कारण सगळ्यात जास्त पिक्चरची वाट इथे लागते. १९५३ च्या आधीचे पिक्चर जवळजवळ चौकोनी असतात, १.३७ ला १. आजचा टीव्ही १.७८ ला १. आता संत तुकाराम सारखा १९३६ चा पिक्चर तुमच्या टीव्हीवर डावीकडे-उजवीकडे काळ्या पट्ट्या न दिसता पूर्ण पडदा भरून दिसत असेल तर खूश होऊ नका, वरून-खालून मिळून जवळजवळ चौथा हिस्सा उडवलाय, तुकोबांची पगडी गेली आणि हातातली चिपळी पण गेली. उलट सिनेमास्कोपचा, म्हणजे खूप रुंद चौकटीचा पिक्चर, आपल्याकडे हिंदीत कागज के फूल पासून सुरू झाला १९५९ ला, तो टीव्ही भरून दिसत असेल तर बाजूचा चौथा हिस्सा गेला, आणि जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेला असेल तर चाळीस टक्क्यांच्या वर. माझी फुलदाणी तिथलीच. घरात पाहुणे म्हणतील 'त्या काळ्या पट्ट्या घालव ना', तर रिमोट लपवा.

यातही उलटा फसवा प्रकार आहे. काही पिक्चर शूट करतानाच मोठ्या फ्रेमवर घेतात आणि थिएटरात वरखाली झाकून दाखवतात. शोले ३५ एमएमवर शूट करून ७० एमएमला फुगवला, पडद्यावरची चौकट २.२ ला १. त्याच्या जुन्या चौकोनी कॉपीत वरखाली जास्त चित्र दिसतं म्हणून काही लोक तीच खरी म्हणतात. जास्त दिसतं म्हणजे ते दाखवायचं होतं असं नाही ना, स्वयंपाकघरात पण बरंच काही असतं, पाहुण्यांना आपण ताट दाखवतो.

तिसरं आवाज. खोक्यावर '५.१ सराउंड' लिहिलंय म्हणून उड्या मारू नका, पिक्चर मोनोत, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर, बनला असेल तर खाली बारीक अक्षरात 'मोनो' किंवा 'ओरिजिनल ऑडिओ' आहे का ते बघा. नव्याने पाच स्पीकरला वाटून दिलेल्या आवाजात बऱ्याचदा बंदुकीचा आवाज, पावलं, दार हे सगळं नवीन टाकलेलं असतं. मुगल-ए-आझम २००४ ला पूर्ण रंगीत करून आणला तेव्हा संगीत पण पुन्हा रेकॉर्ड केलं आणि लांबी पण वीसेक मिनिटांनी कमी झाली. १९६० चा मूळ पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आणि मधे रंगीत भाग, प्यार किया तो चा शीशमहल एकदम रंगात उघडतो तो झटका सगळंच रंगीत केल्यावर राहतोच कुठे? आता नवीन पोरांना विचारलं तर त्यांना तो पहिल्यापासून रंगीतच वाटतो.

चौथं रंग. द फ्रेंच कनेक्शनची २००९ ची ब्लू-रे दिग्दर्शकाने स्वतः बसून अशी काही फिकट-जांभळट करून ठेवली की पिक्चरचा कॅमेरामन ओवेन रॉइझमनने जाहीरपणे हात झटकले. पुढे दोघांच्या संमतीने परत नीट काढली. म्हणजे 'डिरेक्टर अप्रूव्ड' हा शिक्का पण शंभर टक्के खात्री नाही. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाईने पण २०२० च्या रिस्टोरेशनमध्ये रंग बदलले, एका पिक्चरची चौकटच बदलली, आणि सरळ सांगितलं की हे आता वेगळे पिक्चर आहेत. निदान सांगितलं तरी.

पाचवं ग्रेन, फिल्मचे ते बारीक दाणे. ते घाण नाहीत, फिल्म त्याचीच बनलेली असते. २०१० ला प्रिडेटरची ब्लू-रे आली त्यात दाणे इतके पुसले की अर्नोल्ड मेणाचा पुतळा वाटतो, लोणावळ्याला ठेवलाय तसा. २०२४ ला एलियन्स आणि ट्रू लाइज फोर के मध्ये आले त्यावर पण हीच बोंब झाली, आता एआय वापरून चेहरे 'सुधारतात'. चेहऱ्यावर छिद्रं, सुरकुत्या, घाम दिसत नसेल तर डिस्क ठेवून द्या.

हे सगळं विकत घ्यायच्या आधी कसं बघायचं? स्क्रीनशॉट तुलना करणाऱ्या साइट आहेत, डीव्हीडीबीव्हर वगैरे, तिथे एकाच फ्रेमचे वेगवेगळ्या डिस्कचे फोटो एकाखाली एक असतात. कुठला सीन कुठल्या आवृत्तीत कापलाय ते मिनिट-सेकंदासकट देणाऱ्या पण आहेत. स्टार रेटिंग वाचू नका, 'पॅकिंग छान होतं' म्हणून पाच स्टार देणारे लोक असतात.

आणि डिस्कबरोबर पुस्तिका येते ती वाचा. चांगली कंपनी रिस्टोरेशन कशावरून केलं ते लिहिते: कॅमेरा निगेटिव्ह, इंटरपॉझिटिव्ह (निगेटिव्हवरून काढलेली मधली कॉपी), की थिएटरची प्रिंट. सत्यजित रायच्या अपू त्रयीचं निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या लॅबमध्ये आगीत होरपळलं होतं, कडक पापड झालेली रिळं, ऑस्करवाल्या अ‍ॅकॅडमीच्या अर्काइव्हने ती फेकली नाहीत, वीसेक वर्षांनी बोलोन्यात ती ओलावा देऊन मऊ केली, हाताने जोडली आणि पथेर पांचालीचा सुमारे ४० टक्के भाग त्या जळक्या निगेटिव्हवरूनच आला, बाकी दुसऱ्या कॉप्यांवरून. २०१५ ला क्रायटेरियन या डिस्क कंपनीने डिस्क काढली. कुठला भाग कुठून आला हे उघड सांगितलंय. कुठेच काही लिहिलेलं नाही आणि नुसतं 'डिजिटली रिस्टोअर्ड' असेल तर मी तरी दोन महिने थांबतो.

मेट्रोपोलिसचं पण तसंच, १९२७ चा जर्मन पिक्चर, रिलीजनंतर जवळजवळ चौथा हिस्सा कापला गेला, २००८ ला ब्युनोस आयर्सच्या म्युझियममध्ये १६ एमएमची घासलेली कॉपी सापडली, आणि २०१० च्या आवृत्तीत ते तुकडे ओरखड्यांसकट ठेवलेत, मध्येच चित्र खराब झालं की समजायचं हे सापडलेलं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

रीजनचं थोडक्यात: डीव्हीडीला भारत रीजन ५, ब्लू-रेला रीजन सी, आणि अमेरिकेची ब्लू-रे रीजन ए, युरोपची बी. आपल्या साध्या प्लेअरवर त्या चालतीलच असं नाही, खोक्यावर 'रीजन फ्री' बघा. फोर के डिस्कला रीजन नसतो, पण त्याच खोक्यातल्या जोडीच्या ब्लू-रेला असू शकतो. कस्टम्स ड्युटी आणि कुरियर धरून हिशोब करा. अमेरिकेतला भाऊ किंवा मामेबहीण दिवाळीला येणार असेल तर आत्ताच ऑर्डर द्या, चकली-चिवड्याच्या बदल्यात दोन डिस्क हा आमच्याकडचा ठरलेला व्यवहार आहे.

तिसरी पायरी: मागायचं कसं

आधी कोणाकडे मागायचं ते शोधा, कारण तीन वेगळे लोक असतात. हक्क एकाकडे, म्हणजे निर्माता, त्याचे वारस किंवा स्टुडिओ. फिल्मची रिळं दुसरीकडे, लॅबमध्ये किंवा अर्काइव्हमध्ये. आणि डिस्क काढणारी कंपनी तिसरीच, क्रायटेरियन, अ‍ॅरो, किनो लॉर्बर, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट अशा. डिस्कवाल्याला कितीही वाटलं तरी हक्कवाला नाही म्हणाला की खेळ खलास. आणि हक्कच कोणाकडे आहेत हे कळत नाही अशी भांडणं जुन्या मराठी-हिंदी पिक्चरमध्ये काही कमी नाहीत, तीन भाऊ, दोन कोर्टकेस आणि निगेटिव्ह माळ्यावर.

बऱ्याच डिस्क कंपन्या सूचना घेतात, त्यांच्या साइटवर पत्ता असतो. मेल छोटी ठेवा आणि इंग्रजीत लिहा, पण मजकूर साधारण असा:

"नमस्कार. अमुक पिक्चर, साल अमुक, दिग्दर्शक अमुक. सध्या बाजारात असलेल्या तुमच्या डिस्कवर अमुक सालची बदललेली आवृत्ती आहे. अमुक साली थिएटरात लागलेल्या आवृत्तीत हे तीन सीन वेगळे आहेत (मिनिट-सेकंद). मूळ मोनो आवाज पण या डिस्कवर नाही. माझ्या माहितीप्रमाणे अमुक अर्काइव्हमध्ये त्या आवृत्तीची प्रिंट आहे, त्यांच्या कॅटलॉगमध्ये नोंद आहे. नवीन आवृत्तीच्या बरोबरीने जुनी दिलीत तर मी आणि आमच्या ग्रुपमधले लोक ती विकत घेऊ."

बस. यात शिव्या नाहीत, 'तुम्ही माझं बालपण उद्ध्वस्त केलंत' नाही, दिग्दर्शकाच्या आईवडिलांचा उल्लेख नाही. 'बरोबरीने' हा शब्द मात्र जरूर ठेवा, दिग्दर्शकाचे बदल रद्द करा म्हटलं की समोरचा दार लावून घेतो, दोन्ही द्या म्हटलं की निदान ऐकतो. आणि आकडा खोटा लिहू नका. ग्रुपमध्ये बारा जण असतील तर बारा लिहा.

ऑनलाइन सह्यांची पिटिशन मी पण करतो, एक मिनिट लागतं, पण खरं वजन तिकिटाचं आणि प्री-ऑर्डरचं. ऑक्टोबर २०२२ ला फिल्म हेरिटेज फाउंडेशनने अमिताभच्या ११ जुन्या पिक्चरचा महोत्सव केला, थिएटरं भरली, त्यानंतर जुने पिक्चर पुन्हा लावायची लाटच आली. मूळ आवृत्ती कुठे लागली तर पहिल्या वीकेंडला जा, नंतर स्ट्रीमिंगवर बघू म्हणून घरी बसायचं आणि मग डिस्क का काढत नाहीत म्हणून ओरडायचं, हे चालत नाही. भारतात डिस्कचा धंदा तसाही शेवटच्या घटका मोजतोय, जे काही निघेल ते बाहेरच निघेल आणि हजार-दोन हजार प्रतींचा पण त्यांना फरक पडतो.

घरात काही सापडलं तर

हे आपल्याकडच्या लोकांसाठी मुद्दाम. जुन्या कॅसेट फेकू नका. शोलेचा तो मूळ शेवट इतकी वर्षं लोकांनी बघितला तो परदेशात निघालेल्या व्हिडिओ कॅसेटमुळे. चित्र भिकार असलं तरी कुठला सीन कुठे होता याचा तो नकाशा असतो, रिस्टोरेशनवाल्यांना तेवढंही पुरतं.

आणि आजोबांचा तंबू टॉकीज असेल, काकांचं थिएटर असेल आणि माळ्यावर गोल पत्र्याचे डबे सापडले, तर पहिली गोष्ट म्हणजे ते प्रोजेक्टरवर चढवू नका. उलगडून पण बघू नका. झाकण उघडल्यावर लोणच्याच्या बरणीसारखा व्हिनेगरचा वास आला तर ती अ‍ॅसिटेट फिल्म सडायला लागलीय, बाकीच्या डब्यांपासून लांब ठेवा, थंड आणि कोरड्या जागी. १९५१ च्या आधीची असेल तर नायट्रेट असू शकते, कडेला इंग्रजीत 'नायट्रेट' छापलेलं असतं, नंतरच्या फिल्मवर 'सेफ्टी'. नायट्रेट भयंकर पेट घेते आणि पाण्यानेही विझत नाही, तेव्हा देवघराशेजारी, गॅसशेजारी, उन्हात अजिबात नको. डब्यावरच्या चिठ्ठीचे फोटो काढा आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. भंगारवाला फिल्ममधल्या चांदीसाठी घेऊन जायच्या आधी.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर राजा हरिश्चंद्रचंच बघा. चार रिळांच्या पिक्चरची दोनच रिळं उरलीत, आणि अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे की ती १९१३ ची आहेत की फाळक्यांनी १९१७ ला पुन्हा बनवलेल्या पिक्चरची. आपल्या पहिल्याच पिक्चरची कुठली आवृत्ती आपण बघतोय यावर शंभर वर्षांनी भांडण, आणि आपण ग्रीडोवर बोलतोय.

शेवटचं, डिस्क घरी आली की सील फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि चार दिवसांत पूर्ण बघा, नुसती पहिली दहा मिनिटं नाही. परत करायची मुदत संपल्यावर दुसऱ्या डिस्कचा शेवटचा अर्धा तास अडकतो हे मला तीनदा झालंय. सुरुवातीची टायटल्स, एक गाजलेला बदललेला सीन, एक अंधारातला सीन, मोनो ट्रॅक लावून एक संवाद आणि शेवट, एवढं तरी त्याच दिवशी तपासा. ते जुळलं की मग पट्ट्या काळ्याच ठेवा आणि चहा टाका.